हाताच्या मापाची गिटार

यवतमाळ जिल्ह्यात सागाची ओळख करून द्यावी लागत नाही. घाटंजी-पांढरकवड्याच्या बाजूला जंगलात शिरले की साग, आणि गावातल्या जुन्या घराच्या उंबरठ्यावर थांबले तरी साग. दाराची चौकट त्याची, तुळई त्याची, देव्हाराही त्याचाच. याच सागाची इलेक्ट्रिक गिटार करायची, असा हट्ट एका तरुण मुलीने धरला आहे, आणि ज्याच्याकडे धरला आहे तो तिचा मामा पेशाने सुतार आहे. मुलगी हॉजकिन्स लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगातून बरी झाली आहे. मामाला तिच्या बरे होण्याचा आनंद तिच्याइतकाच आहे, पण तो आनंद गिटार करून साजरा करावा हे त्याला पटत नाही. हे मामा-भाची कुण्या एका घरातले नाहीत. आजारातून उठलेल्या माणसाने त्या उठण्याचे काय करावे, यावर दोन प्रामाणिक पक्ष संभवतात आणि तेच इथे त्यांच्या तोंडी घातले आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे कलावंत, गावे, सनावळी आणि मापे मात्र खरी आहेत.

"तुह्या मायनं नवस बोलला होता," मामा म्हणतो. "कळंबच्या चिंतामणीले जाऊन येऊ, चार लोकाईले जेवू घालू, झालं. दुखणं गेलं ना आता? मग त्याची निशाणी काहाले पाहिजे घरात? बरं झालेल्या माणसानं पहिले दुखणं विसरावं."

"निशाणी म्हणून नाही मागत, मामाजी. मला वाजवायला हवी आहे."

"वाजवाले एक आहे ना तुह्याजवळ. कॉलेजात असताना घेतलेली."

"ती आता माझ्या हाताला होत नाही."

सगळा वाद या शेवटच्या वाक्यावर उभा आहे. पण त्याआधी मामाचा पक्ष नीट ऐकायला हवा, कारण तो हलका नाही. आजारातून सुटल्याचा आनंद आपल्याकडे पूर्वापार ऋण फेडून साजरा होतो. संगीतात याचे सर्वांत ठळक उदाहरण मिरजेचे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ प्लेगच्या साथीत मिरजेत आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी गाऊन प्रार्थना केली आणि ते बरे झाले, अशी कथा मिरजकर आजही सांगतात. पुढे दर उरुसाला दर्ग्यात गाण्याचा नेम त्यांनी पाळला. 1937 साली खाँसाहेब गेले, पण उरुसातली संगीतसभा थांबली नाही. गायक-वादक अजूनही तिथे हजेरी लावतात. बऱ्या झालेल्या एका माणसाने दर्ग्यात वाहिलेले गाणे पिढ्यानपिढ्या टिकले.

"पाहा बरं," मामा म्हणतो. "खाँसाहेबांनी गाणं वाहिलं. बरं झालो म्हणून नवा तंबोरा नाई करून घेतला."

"पण त्याच मिरजेत तंबोरा कसा करतात, मामाजी? बाईच्या गळ्याचा वेगळा, पुरुषाच्या गळ्याचा वेगळा. आधी पट्टी विचारतात, मग भोपळा निवडतात."

भाचीचे म्हणणे खरे आहे. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मागे दीडशेहून अधिक वर्षांची कारागिरी आहे. तिथे जनानी तंबोरा आकाराने लहान, कारण त्याच्या तारा वरच्या पट्टीत लागायच्या. मर्दानी तंबोरा मोठा, लांब तारांचा. म्हणजे गाणाऱ्याच्या शरीराला जुळणारे वाद्य घडवणे ही काही परदेशातून आलेली चैन नाही. प्रश्न इतकाच की आजाराने शरीरच बदलले तर वाद्यासाठी पुन्हा माप द्यायचे का.

या मुलीचे शरीर कसे बदलले, हे समजून घेण्यासाठी अंगणातल्या सदाफुलीपाशी जावे लागते. यवतमाळात ही जांभळट-गुलाबी फुले कुणी मुद्दाम लावत नाही, ती आपोआप येतात, उन्हाळ्यातही तग धरतात. 1950 च्या दशकात जमैकातून या झाडाची पाने कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे पोचली. तिकडचे लोक मधुमेहावर तिचा काढा घेत असत. क्लार्क यांचे बंधू रॉबर्ट नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बीअर यांनी पानांचा अर्क प्रयोगशाळेतल्या उंदरांना देऊन पाहिला. रक्तातली साखर उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. पांढऱ्या पेशी वेड्यावाकड्या वाढतात त्या आजारांवर हे चालेल, असा तर्क त्यांनी केला, आणि 1958 पर्यंत त्यातून व्हिन्ब्लास्टिन वेगळे निघाले. व्हिन्क्रिस्टिन हे दुसरे औषधही याच झाडाचे, अमेरिकेत 1963 साली वापरात आले. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात. त्यामुळे घरच्या सदाफुलीची पाने चावून किंवा उकळून कर्करोग बरा होत नाही, उलट विषबाधा होऊ शकते, हे इथे स्पष्ट सांगायलाच हवे.

हॉजकिन्सच्या रूढ उपचारात चार औषधे एकत्र देतात आणि त्यांतले एक व्हिन्ब्लास्टिन असते. पंधरा दिवसांतून एकदा शिरेतून औषध, आणि पूर्ण सहा आवर्तने झाली तर असे बारा वेळा. आजार लवकरच्या टप्प्यावर सापडला तर दहांतले आठ-नऊ जण बरे होतात. कर्करोगाच्या जगात इतके चांगले आकडे फार थोड्या आजारांच्या वाट्याला आले आहेत. पण सदाफुलीची औषधे पेशीच्या आतला जो सांगाडा मोडून तिचे विभाजन थांबवतात, तशाच सांगाड्यावरून मज्जातंतूंमध्ये मालवाहतूक चालते. ती अडली की सर्वांत लांबच्या मज्जातंतूंची टोके आधी त्रासतात, म्हणजे पायाची आणि हाताची बोटे. मुंग्या येतात, बधिरपणा येतो, शर्टाचे बटण लावताना बोट चुकते. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो, काहींचा थोडा उरतो.

गिटार वाजवणाऱ्याचे सगळे शहाणपण डाव्या हाताच्या याच बोटांच्या टोकांवर असते.

"तारेवर बोट आहे की नाही ते मला डोळ्यांनी पाहावं लागतं," भाची म्हणते. "कळत नाही म्हणून मी जास्त दाबते, आणि जास्त दाबलं की दहा मिनिटांत हात गळतो."

"मग रियाज कर. हळूहळू येईल. माही पेटी मी नाई बदलली बोटं आखडली तरी." मामा गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनात पेटी वाजवतो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीची परंपरा यवतमाळच्या खेड्यापाड्यांत अजून जिवंत आहे, आणि नागपूरच्या ज्या प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात विदर्भातले रुग्ण जातात त्याला राष्ट्रसंतांचेच नाव आहे. 1968 साली महाराजही कर्करोगानेच गेले. भजन आणि हा आजार, दोन्ही या भागातल्या माणसाला परके नाहीत.

मामाच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष द्यायची तर ती कुमार गंधर्वांची. क्षयाने ग्रासलेले कुमार 1948 च्या सुरुवातीला देवासला आले, तेव्हा ते अजून चोवीसचेही नव्हते. पुढची सुमारे पाच वर्षे अंथरुणात गेली. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. गाणे सक्त मना. त्याच सुमारास आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला. खाटेवर पडल्या पडल्या माळव्याच्या बायकांची लोकगीते त्यांच्या कानांवर येत राहिली, आणि उठल्यावर जे गाणे निघाले ते आजारापूर्वीच्या गाण्याहून वेगळे होते.

"गवयाले नवं फुप्फुस करून नाई भेटत," मामा म्हणतो. "कुमारांनी आहे त्याच अंगावर गाणं उभं केलं. त्याईले कोणी सोपं करून नाई देल्लं."

"बरोबर. पण त्यांनी जुनंच गाणं ओढून ताणून नाही गायलं. जेवढा श्वास होता तेवढ्यात मावेल असं गाणं घडवलं. लहान लहान फेकी, मध्ये थांबणं. मामाजी, त्यांनी गाणं नव्या शरीराच्या मापाचं केलं. मी वाद्य करते आहे."

इथे भाचीचे पारडे जड होते, असे वाटते. रियाजाने सगळे पूर्ववत होते हे मानणे आजारी माणसावर अन्याय करणारे आहे. प्रयत्न करूनही बोट पूर्वीसारखे चालले नाही की तो दोष आपलाच, असे त्याला वाटू लागते. बरे होणे म्हणजे आजारापूर्वीच्या शरीरात परत जाणे, ही कल्पनाच बहुतेकांच्या बाबतीत खोटी ठरते. कुमार गंधर्व जिथे पोचले ती जागा जुन्या वाटेवर नव्हती.

गिटारच्या इतिहासात तर याची रांगच लागते. जँगो रेनहार्टच्या राहत्या गाडीला 1928 साली आग लागली आणि डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली. भावाने इस्पितळात गिटार आणून दिली, आणि उरलेल्या दोन बोटांवर जँगोने युरोपचे जॅझ बदलून टाकले. भाचीचा खरा आधार मात्र टोनी आयोमी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. 1965 साली, सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावरा असल्याने तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगोची तबकडी ऐकवली. आयोमीने भांडी घासायच्या द्रवसाबणाची प्लास्टिक बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले. टोपणातून तार जाणवत नसे आणि जाड तारा दाबवत नसत, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून खालच्या सुरात लावल्या. ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाचा तो जड, काळोखा आवाज त्यातूनही घडला, आणि जगभरच्या हेवी मेटलने तो उचलला. बर्मिंगहॅमचेच जॉन बर्च आणि जॉन डिगिन्स हे कारागीर त्याच्यासाठी गिटारी बनवत. 2012 साली आयोमीला लिम्फोमा झाला. उपचारांच्या तारखा सांभाळत त्याने ध्वनिमुद्रण केले, दौरे केले.

"म्हणजे याले बी तेच दुखणं?" मामा पहिल्यांदा थांबून विचारतो.

"त्याच कुळातलं. आणि बोटंही माझ्यासारखी, न जाणवणारी."

त्यानंतरचे बोलणे मापांचे होते, आणि मापांत मामाला रस आहे. बाजारातल्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींत तारेची वाजती लांबी दोहोंपैकी एक असते. फेंडर घराण्यात 648 मिलिमीटर, गिब्सन घराण्यात सुमारे 628. फरक दोन सेंटिमीटरचा, पण तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे तीच तार त्याच सुरात सहा टक्के सैल लागते. वरची तार 10 ऐवजी 9 हजारांश इंच जाडीची घेतली तर ताण आणखी एकोणीस टक्के उतरतो. दोन्ही मिळून जवळपास एक चतुर्थांश. सगळी गिटार अर्ध्या सुराने खाली लावली तर मूळच्या ताणाचा साधारण तिसरा हिस्सा गेलेला असतो.

फ्रेटच्या, म्हणजे दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, जागा गणिताने ठरतात. उरलेल्या लांबीला दर वेळी 17.817 ने भागायचे, येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. 628 मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट 35.2 मिलिमीटरवर, आणि बारावा बरोबर मधोमध, 314 वर. कागदावर हे आकडे पाहून मामा म्हणतो, "यात अर्धा मिलिमीटर चुकला तर?" चुकला तर ती गिटार कधीच सुरात वाजणार नाही. "मग हे काम जमण्यासारखं आहे," तो म्हणतो. नेमकेपणाची अट कारागिराला टाळत नाही, ओढते.

पण पेटीवाल्याचा कान त्याला लगेच दुसरी अडचण दाखवतो. "तार सैल केली, बरं. पण तू जोरात दाबते म्हणते. सैल तार जोरात दाबली का सूर चढते. पेटीत तसं होत नाई, पट्टी दाबली का सूर ठरलेला. तुह्या या बाजात होईल."

मामाची शंका अचूक आहे. बधिर बोट आणि बारीक तार ही जोडी बेसूर होऊ शकते. त्यावर उपाय कमी उंचीच्या फ्रेटचा. बोट लाकडाला लवकर टेकते, तार आणखी खाली ओढली जात नाही. जे माप इतरांना गैरसोयीचे वाटेल तेच इथे योग्य. दुकानात टांगलेल्या गिटारीत कमी लांबी, बारीक तार, ठेंगणे फ्रेट आणि हलके शरीर हे सगळे एकत्र सापडत नाही, म्हणून ती घडवावी लागते.

हलक्या शरीराचे कारणही वैद्यकीय आहे. किमोसाठी अनेकांना गळपट्टीच्या हाडाखाली, बहुधा उजव्या बाजूला, कातडीखाली शिरेत औषध सोडण्याचा पोर्ट बसवतात. तो काढल्यावर व्रण राहतो, तिथे दाब सोसवत नाही. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून जातो, हे या मुलीचे नशीब. पण गिटारचे वजन बरगड्यांवर येतेच. फेंडरने 1954 साली स्ट्रॅटोकास्टर काढली तेव्हा पोटाशी टेकणारी कड तासून उतरती केली होती, वादकांना ती कड टोचते अशी तक्रार होती म्हणून. मामा तीच कड आणखी खोल उतरवायला तयार आहे.

साग मात्र जड. साडेचार सेंटिमीटर जाडीची भरीव सागाची बॉडी अडीच किलोच्या वर जाते, आणि त्यावर नेक म्हणजे दांडी, खुंट्या, धातूचा पूल. आतून पोकळ्या कोरल्या तर वजन उतरते. मामाच्या मते मुळात सागच नको.

"बल्लारशाचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दाराले गेला. साग अशा कामाचा. तुह्या या गिटारीत आवाज तर तारेतून अन् करंटातून येते म्हणते. मग लाकूड कोणतंही चालते ना?"

यावर जगभरचे गिटारकारही एकमताचे नाहीत. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप लाकूड ऐकत नाही. तो पोलादी तारेची हालचाल टिपतो. चुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली, समोर लोखंडी तार हलली की त्या वेटोळ्यात वीज उमटते. मायकेल फॅरेडेने 1831 साली दाखवलेले तत्त्व तेच. गिटारवादक लेस पॉलने 1940 च्या सुमारास चार इंच जाडीच्या चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून हेच सिद्ध केले. तेव्हा सागामुळे आवाज गोड होईल असे सांगणे बरोबर होणार नाही. सागाचे गुण वेगळे आहेत. तो हवामानाने कमी हलतो, आणि यवतमाळात हे फार मोलाचे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 पर्यंत चढतो तेव्हा इतर लाकडे आकसतात आणि फ्रेटची टोके कडेला बाहेर येऊन बोट कापतात. बधिर बोटाला ते कळतही नाही. वाळलेला जुना साग पुष्कळसा जागेवर राहतो.

आणि जुना साग घरातच आहे. पाडलेल्या ओसरीची चौकट मामाच्या दुकानात पडून आहे. गिटारवादक ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी 1963 पासून घरी गिटार केली तेव्हा तिचा नेक एका जुन्या शेकोटीच्या कठड्यातून काढला होता. लाकडातली किड्याची भोके काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली, सूर हलवणाऱ्या ट्रेमोलोला मोटरसायकलच्या स्प्रिंगा लावल्या. ती गिटार साठ वर्षांहून अधिक काळ वाजते आहे. चौकटीतला साग घेण्यात आणखी एक सोय आहे. नव्या सागासाठी वन विभागाच्या आगाराचा लिलाव नाही तर परवानाधारक आरागिरणी गाठावी लागते आणि पावती, वाहतूक परवाना सांभाळावा लागतो.

पिकअपचे काम आपल्याकडे कुणाला येणार, हा मामाचा प्रश्न लवकर सुटतो. कापसाच्या या जिल्ह्यात विहिरींवर पंप आहेत आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटार वाइंडिंगची दुकाने आहेत. तिथला कारागीर इनॅमल चढवलेली तांब्याची तार रोज हाताळतो. पिकअपची तार मात्र केसासारखी, सुमारे 0.06 मिलिमीटरची, आणि वेढे सात-आठ हजार. एका वेटोळ्याचा पिकअप घरातल्या विजेची घरघर उचलतो, आपल्याकडे 50 हर्ट्झची. गिब्सनच्या सेथ लव्हरने 1955 साली दोन उलट वेटोळी जोडून ती घरघर रद्द केली. वाइंडिंगवाल्याला हे सांगितले तर त्याला चित्र काढून दाखवावे लागणार नाही.

खरा अडथळा यानंतर येतो, आणि तो मामाचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे.

"तू स्वतः करीन म्हणते. बोटाले कळत नाई, अन् त्याच बोटात पटाशी धरशील? राउटर चालवशील? माह्या दुकानात धड हाताच्या माणसाची बोटं गेलेली पाह्यली मी."

भाचीकडे याचे उत्तर नाही, आणि नसणेच बरोबर. बधिर हाताने धारेचे काम करू नये. जखम कळत नाही, चिघळते, आणि किमोनंतरच्या काळात संसर्ग परवडत नाही. कापणे, तासणे, कोरणे मामाचे. मापे काढणे, फ्रेट घासून सारखे करणे, वेटोळे गुंडाळणे, पॉलिश करणे भाचीचे. सावकाश बारीक काम बोटांना पुन्हा कामाला लावते, आणि गिटार घडवण्याचा खरा लाभ इथेच आहे. तयार वाद्य विकत घेऊन तो मिळाला नसता.

पण घासण्याच्या कामात आणखी एक गोष्ट आहे, आणि तिथे भाची मामाला सोडत नाही. लाकडाचा भुसा हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच पहिल्या गटात नोंदवला आहे. नाक आणि नाकाशेजारच्या पोकळ्या त्याने धोक्यात येतात. हॉजकिन्सच्या चार औषधांतले ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकते, म्हणून भाचीने भुशात बसणे चूकच. पण मामाने आयुष्यभर उघड्या नाकाने सागाचा भुसा श्वासात घेतला आहे.

"मी मास्क लावीन, मामाजी, आणि बाहेर अंगणात बसून ओल्या कागदाने घासीन. पण माझ्या गिटारीसाठी तुम्हीही मास्क लावायचा. नाहीतर मला नको ती."

मामा यावर बराच वेळ बोलत नाही. आपल्या सुतारकीच्या दुकानांत मास्क ही जवळपास नसलेली वस्तू आहे. कर्करोगातून वाचलेल्या मुलीने ती दुकानात आणली तर या गिटारने पहिले काम आधीच केले.

पैशाची गोष्ट राहते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात ती सोडून कुठलाही आनंद साजरा होत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा उपचार बसतो. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांची मर्यादा पाच लाख करण्याचा निर्णय 2023 साली झाला. पण नागपूर-सेवाग्रामच्या खेपा, राहणे, बुडालेली मजुरी यांना योजना नाही. "तपासण्या अजून आहेत," मामा बजावतो. "दुखणं परत येते ते पहिल्या दोन वर्षांतच जास्त, असं डॉक्टरच म्हणते ना? मग दोन वर्षं थांब. पुरतं बरं झाल्यावर कर."

वैद्यकीयदृष्ट्या मामाचे म्हणणे बरोबर आहे. हॉजकिन्स उलटतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत, आणि म्हणूनच तेव्हा दर काही महिन्यांनी तपासणी चुकवायची नसते. पण थांबण्याचा सल्ला पटत नाही. बोटांना काम आत्ता हवे. दोन वर्षांनी ती आपोआप शिकून बसणार नाहीत. शिवाय गिटार करणे म्हणजे "आजार गेला" असा दाखला भिंतीवर लावणे नाही. उद्या तपासणीत काही निघाले तरी ती वाजेल. आयोमीने उपचार संपण्याची वाट पाहिली नाही. मात्र तपासणीचा खर्च बाजूला काढून उरेल त्यात गिटार करावी, ही मामाची अट भाचीने मानलीच पाहिजे, आणि चौकटीचा साग, गावातले वाइंडिंग आणि मामाचा हात असताना ती मानता येते.

या वादात गिटार करावी हा पक्ष जिंकतो, पण मामाच्या जवळजवळ प्रत्येक आक्षेपाने ती अधिक चांगली होते. ठेंगणे फ्रेट त्याच्या कानाने आले, पटाशीपासूनचे अंतर त्याच्या अनुभवाने. कळंबचा नवसही फेडावा. त्याला गिटारचा विरोध कुठे आहे?

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा उपचार सुरू होत असेल, तर एक विनंती. जानेवारी 1948 मध्ये ओक्लाहोमात लेस पॉलची गाडी बर्फाळ रस्त्यावरून घसरली आणि त्याच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. हाड सांधले तर हात एकाच कोनात कायमचा राहणार होता. आपण गिटार वाजवतो हे त्याने डॉक्टरांना सांगितले, आणि त्यांनी हात गिटार धरता येईल अशा कोनातच बसवला. तुम्ही पेटी वाजवत असाल, तबला, गिटार, किंवा शिवणयंत्रावर अथवा नक्षीकामावर पोट असेल, तर पहिल्या सलाइनच्या आधी डॉक्टरांना सांगा की तुमचे हात काय काम करतात. औषध कमी करतील या भीतीने अनेक जण बोटांतल्या मुंग्या लपवतात. लपवू नका. पहिल्या मुंगीलाच सांगा, म्हणजे मात्रा, औषध किंवा व्यायाम यांचा निर्णय वेळेत घेता येतो.